मयुरीचा र

"आला का जी म्याडम, पोरीचा र?"

फोनवर मोनालीचा आवाज अगदी बारीक येत होता. वर्ध्याच्या दवाखान्यात ती तीन दिवसांपासून भरती होती आणि उद्या सकाळी तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं.

पौर्णिमाने समोर पाहिलं. शेजारणीबरोबर आलेली सात वर्षांची मयुरी ओठांवर बोट ठेवून डोळ्यांनी विनवत होती. आठ महिन्यांच्या खटपटीनंतर, दहाच मिनिटांपूर्वी, तिची जीभ टाळूपाशी थरथरली होती आणि ल ऐवजी स्वच्छ र आला होता. पोरगी आधी दचकली, मग आरशात पाहून हसली. लगेच जुन्याच सवयीच्या ल ने म्हणाली, "आईले सांगू नका. ती घली आली का मीच म्हनून दाखवीन."

"नाही अजून," पौर्णिमा फोनवर म्हणाली. "पण येईल. नक्की येईल."

"मंग हरकत नाई. तुमी थकू नका जी."

समुद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात पौर्णिमा सोळा वर्षं मुलांना बोलायला शिकवत होती. पण मोनालीसारखी आई तिने पाहिली नव्हती. दर गुरुवारी कापसाची वेचणी बुडवून ती लेकीला एसटीने आणायची आणि स्वतःही आरशापुढे बसून तिच्याबरोबर जीभ वळवायची. विहारात वंदना म्हणताना मयुरीच्या तोंडून 'सरणं'ऐवजी 'सलणं' येई आणि पोरं हसत. "एक डाव तिनं सगळ्यायसमोर नीट म्हनावं," मोनाली म्हणायची, "बस, एवढंच."

ऑपरेशननंतर मोनाली शुद्धीवर आलीच नाही.

मोनालीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पौर्णिमा त्यांच्या गावी गेली. मांडवात माणसं दाटून बसली होती. वंदना सुरू व्हायची होती, तेवढ्यात मयुरी उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या फोटोशेजारी हात जोडून उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "बुद्धं सरणं गच्छामि."

सगळे तिच्यामागून म्हणाले. तिचा बाप सचिन मात्र तिच्या ओठांकडे पाहत राहिला. मग त्याची मान खाली गेली.

जेवणं सुरू झाल्यावर तो पौर्णिमाजवळ आला. "कधी आला जी म्याडम, हा र?"

तिला खोटं बोलवेना. "त्याच गुरुवारी. मोनालीचा फोन आला त्याच्या आधी. मयुरी नको म्हणाली, म्हणून मी... मी नाही म्हणाले तिला."

सचिनने मांडवाच्या खांबाला हात टेकला.

"तिले समजलं होतं," तो म्हणाला. "फोन ठेवल्यावर मले म्हने, आला वाट्टे, पोरगी लपवून राह्यली."

मोनाली खरंच तसं म्हणाली होती, की आपल्याला हलकं वाटावं म्हणून तो सांगत होता? विचारायचा पौर्णिमाला धीर झाला नाही. तिने नुसती मान हलवली.

सचिनने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं, पाण्याचा जग उचलला आणि तो पंगतीत शिरला. "घ्या मावशी," एका म्हातारीपुढे वाकून तो म्हणाला, "पोटभर जेवा."