असुंताचं विरजण

ही २००३ सालच्या मार्चमधली गोष्ट. माझे गुडघे तेव्हा बरे होते आणि असुंता जिवंत होती.

अमेरिकेत, एडिसनला, मुलाच्या घराशेजारी ती राहायची. इटलीतल्या बारी शहराकडची, विधवा, माझ्याहून थोडी मोठी. इंग्रजी दोघींचंही मोडकं, त्यामुळे गैरसमज व्हायला फारशी जागाच नव्हती. एकदा मी भाकरी थापताना तिने खिडकीतून पाहिलं. सरळ आत आली, माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "उत्तरा, ये. फोकाच्चा शिकवते."

फोकाच्चा म्हणजे त्यांची जाड, मऊ रोटी. पिठात उकडलेला बटाटा कुस्करायचा, परातीत ऑलिव्हचं तेल सढळ हाताने ओतायचं, पीठ पसरून बोटांनी खळगे पाडायचे, वर टोमॅटो चिरडायचे आणि भट्टीत सारायचं. यीस्टची पुडी तिच्या घरात नसायची. आपण दह्याचं विरजण राखतो तसं ती आईने लग्नात दिलेलं आंबट पीठ राखायची. फोकाच्चा करताना आधी मूठभर पीठ वाटीत काढायचं, मगच बाकीचं भाजायचं. ती मूठ काढल्याशिवाय तिने भट्टी कधी पेटवली नाही.

त्याच विरजणावर तिने आणि तिच्या भावाने, व्हितोने, इथे एडिसनला बेकरी उभी केली होती. व्हितो गेला, त्याची बायको रोझाल्बा गल्ल्यावर बसली आणि तिने पहिलं काम केलं ते असुंताला भट्टीपासून उठवायचं. "हात थरथरतात तुझे. गिऱ्हाइकं बघतात." हे सगळं गिऱ्हाइकांच्या देखत. त्यात मी होते. मी एक पाव दाबून बघत होते, तर रोझाल्बा माझ्याकडे वळून म्हणाली, "लांबून बघ, डिअर. तुझ्या हातांचा मसाल्याचा वास पावाला लागतो."

बाहेर आल्यावर माझी सून नीला म्हणाली, "आई, इग्नोअर करा हो." मी केलं नाही. आजही केलेलं नाही.

असुंता निघताना विरजणाची एक मूठ एप्रनमध्ये गुंडाळून घरी घेऊन आली. बाकीचं बेकरीत राहिलं. पुढे तपासणीस येणार म्हणून रोझाल्बाने विरजणाची जुनी लाकडी काथवट ब्लीच ओतून घासून काढली, लखलखीत केली आणि विरजण परत तिच्यातच ठेवलं. ते मेलं. सेंट जोसेफचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी चर्चमध्ये साऱ्या इटालियन घरांना ह्याच बेकरीचा फोकाच्चा वाटायचा रिवाज होता. तिने यीस्ट घालून करून बघितला. चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी एक घास चावला आणि ताटल्या बाजूला सारल्या.

मग ती बिस्किटांचा डबा घेऊन असुंताच्या दारात आली. मी आत ओट्यापाशी होते. परातीत पीठ फुगलेलं, वाटीत मूठ झाकलेली. नीला मला बोलवायला आली होती, तीही थांबली.

"असुंता, घरातली गोष्ट आहे," रोझाल्बा म्हणाली. "एक मूठ दे."

"बस. खाऊन जा." असुंता माझ्याकडे वळली. "उत्तरा, वाटीतलं पण घाल."

"ही मूठ? सगळी?"

"सगळी."

नीला माझ्या कानाशी आली. "आई, तुम्ही ह्यात इन्व्हॉल्व्ह होऊ नका. त्यांचं फॅमिली मॅटर आहे."

"मी कुठे काय करतेय? स्वयंपाक करतेय."

मी परातीच्या कडेला जागा केली, ती मूठ तिथे थापली आणि बोटं रोवून खळगे पाडले. रोझाल्बा खुर्चीतून उठली. "वेड लागलं का तुला? ते व्हितोचं पीठ आहे."

"माझ्या आईचं आहे," असुंता म्हणाली. "आणि माझे हात थरथरतात ना, म्हणून हिचे घेतले."

परात मीच आत सारली. रोझाल्बा गेली नाही. परत खुर्चीत बसली आणि भाजल्याचा वास सुटेपर्यंत भिंतीकडे बघत राहिली. असुंताने तिला नेमका कडेचा तुकडा वाढला आणि तिने तो खाल्ला. खाताना तिचे डोळे वाहायला लागले.

"मीठ जास्त झालं का?" मी विचारलं.

सणाला त्या वर्षी चर्चमध्ये बाहेरून मागवलेला पिझ्झा वाटला. रोझाल्बाने बेकरी पुढे काही वर्षं रेटली, मग विकून फ्लोरिडाला लेकीकडे गेली. बेकरीच्या जागी आता नखं रंगवायचं दुकान आहे. असुंता २००६ साली गेली. तोवर तिने पुन्हा पीठ भिजवलं नाही. मी तूप लावून भाकरी द्यायचे, ती नावं ठेवत सगळी खायची. नीला मला अजून म्हणते, "आई, दॅट वॉज सो मीन," आणि फोनवर मैत्रिणींना हीच हकीकत रंगवून सांगते. नातू यश फोकाच्चाला केचप लावतो.

मी पुडीचं यीस्ट घालून करते. बेताचाच होतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.