आत्याच्या दगडावरच्या तिरप्या रेघा

माझ्या नवऱ्याला ऑफिसात सगळे स्लॅशराव म्हणतात. ऑफिस म्हणजे आमचीच मागची खोली आणि सगळे म्हणजे मी अन् एक टायपिस्ट, पण नाव चिकटलंय. इंग्रजीचं इटालियन करून देणं हा आमचा धंदा. साहेबांची पद्धत अशी, की एका इंग्रजी शब्दाचे चार अर्थ निघत असतील तर चारही इटालियन शब्द लिहायचे, मध्ये तिरप्या रेघा, म्हणजे स्लॅश, मारायच्या आणि उठून चहा टाकायला जायचं. मग मी तीन खोडते आणि एक ठेवते. आमचा संसारही असाच चाललाय. घरातले पडदे निळे की करडे, हेसुद्धा मीच ठरवलं.

त्याची आत्या मात्र एक घाव दोन तुकडे. लग्न करून परदेशी गेली आणि इटालियन बोलणाऱ्या एका गावातल्या पोरांना तिनं जन्मभर इंग्रजी शिकवलं. पोरगं आवडलं, की त्याच्या वहीवर एकच शब्द लिहायची, शार्प. गेल्या महिन्यात ती गेली. जाण्याआधी शेजारणीला सांगून ठेवलं होतं, की माझ्या थडग्याच्या दगडावर नावाखाली हाच शब्द घाला, पण इटालियनमध्ये, नाहीतर पोरं माझ्या उरावर उभी राहून डिक्शनरी चाळतील. आणि शब्द माझ्या भाच्याकडूनच मागवा. त्या गाढवाला एकदा तरी काहीतरी ठरवू दे.

शेजारणीचा हा मेल वाचल्यापासून स्लॅशराव घरभर येरझाऱ्या घालत होता. "शार्प म्हणजे सुरीसारखी धारदार, की डोक्यानं तल्लख, की जिभेनं झोंबणारी?"

"तिन्ही होती."

"तेच तर ना. तू सांग, कुठला ठेवू?"

"आत्या तुझी. मी हात लावणार नाही."

आई गेल्यावर, स्वतःच्या लग्नाआधी, तिनंच त्याला वाढवलं होतं. तिचं एवढं तरी यानं ऐकावं, असं मला फार वाटत होतं. पण मी भाजी घेऊन येईपर्यंत मेल गेलेला. काय पाठवलं ते सांगेना. मीही विचारलं नाही, ही माझी अक्कल.

मग फोटो आला. छान गुळगुळीत दगड, त्यावर आत्याचं नाव आणि खाली अफ्फिलाता, तिरपी रेघ, आकूता, तिरपी रेघ, पुंजेंते. म्हणजे धारदार, तल्लख, झोंबणारी, तिन्ही. रेघांना तर कारागिरानं सोनेरी रंग दिला होता. शेजारणीनं लिहिलं होतं, तुमच्याकडे अशीच रीत असेल म्हणून विचारलं नाही. चुकलं असेल तर दोन शब्द घासून काढता येतील, फक्त कुठले ते कळवा.

माझं टाळकं सटकलं. "मेलेल्या बाईलाही पर्याय दिलेस? एकच तर मागणं होतं तिचं."

त्यानं फोटो मोठा करून एकेका शब्दावरून बोट फिरवलं. शेवटी सवयीनं मीच म्हटलं, "बोल, कुठले दोन खोडायचे? मी कळवते."

"एकही नाही," तो म्हणाला. "ती तिन्ही होती. त्यातलं काही घासायचं नाही. राहू दे."

मी वाट पाहिली. आता 'किंवा' येईल, 'नाहीतर असं करूया का' येईल. काही आलं नाही. त्यानं स्वतःच उत्तर लिहिलं, पाठवलं आणि तोंड धुवायला म्हणून गेला. नळ सोडून बराच वेळ रडत होता.

मी त्याचं उत्तर उघडून पाहिलं. खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं.