सावरीच्या उशीतला बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. जरा हळू बोला हं. मोठ्या आवाजाची मला सवय नाही, जन्मभर लोक माझ्याशी डोळे मिटूनच बोलले. कोणी माझ्या कानात रडलं, कोणी झोपेत हसलं, कोणी तोंड उघडं टाकून लाळ गाळली. सगळं मी पोटात ठेवलं. उशीचं कामच ते.

माझा जन्म कोलशेतचा. खाडीकडच्या एका घरामागे काटेसावरीचं मोठं झाड होतं. उन्हाळ्यात त्याची बोंडं तडकायची आणि अंगणभर पांढरी, मऊ सावर उडायची. घरची कातरीनबाय टोपली घेऊन सावरीमागे धावायची आणि तिची लेक बर्नाडेट तिच्यामागे. "झेल गो, झेल! खाली पडायच्या आत झेललीस तर गोड स्वप्न पडतं," असं बाय लेकीला सांगायची. असे चार उन्हाळे सावर झेलून, तिच्यातली काळी बी एकेक करून निवडून, तिनं निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडात मला भरलं. बर्नाडेटच्या लग्नात तिच्या ट्रंकेत सगळ्यात वर मी होते.

थॉमसची बायको होऊन बर्नाडेट डोंबिवलीला आली, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. पुढे कातरीनबाय वारली. घरामागची जागा विकली गेली आणि सावरीचं झाडही तोडलं. त्या झाडाचं आणि त्या बाईच्या हातचं मागे काय उरलं? एकटी मी. बर्नाडेट मला उन्हात घालायची तीसुद्धा स्वतःच. आडवी झाली की आधी मला हुंगायची, मगच डोळे मिटायची. माझ्याशिवाय तिला झोप नाही. पोरांना सक्त ताकीद होती, "घरात काय वाट्टेल तो धिंगाणा घाला, पण मायच्या उशीला हात लावलात तर याद राखा!" मी थोडी शेफारलेच होते, खोटं कशाला बोलू?

मग चौऱ्याऐंशी सालचा नाताळ आला. एमिलिया तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ इनास पाच वर्षांचा. थॉमसनं कारखान्याच्या आवारातली सुरूची फांदी माळ्याला विचारून आणली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून उभी केली. शेजारच्या सुमतीकाकूंनी आपल्या गणपतीची दिव्यांची माळ आणून दिली. "दीड दिवस आमच्या बाप्पाकडे आणि बारा दिवस तुमच्या झाडावर! माळ नक्की कोणाची तेच कळेनासं झालंय गं," असं त्या दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी स्वतःच आणून देत. पोरांनी चॉकलेटच्या चांद्यांचे गोळे टांगले, दिवाळीच्या कंदिलाच्या झिरमिळ्या अडकवल्या. झाड असं काही नटलं म्हणता!

पण इनासचं तोंड एवढंसं झालेलं. त्याच्या हातात एक भेटकार्ड होतं. त्यात झाडावर बर्फ, जमिनीवर बर्फ आणि नाताळबाबाची बिनचाकांची गाडी.

"एमी, बर्फ नसला तर गाडी घसरणार कशी? आणि आपण तर चौथ्या मजल्यावर!"

प्रश्न बिनतोड होता. डोंबिवलीत बर्फ मिळायचा तो रसवंतीवाल्याकडे, आणि घरी येईपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. औषधाच्या डब्यातला कापूस दोन फांद्यांतच संपला. तोंडाला लावायची पावडर मारून झाली, तर इनासच शिंकत सुटला. मग एमिलियाची नजर हळूच माझ्याकडे वळली.

"मम्मी बाजारात गेलीय," ती कुजबुजली. "थोडासाच घेऊ. नंतर मी शिवून टाकेन."

"मम्मी मारेल."

"तुला बर्फ पाहिजे की नको?"

झालं! कात्री आली, टाके उसवले. मला दुखलं नाही, उलट गुदगुल्याच झाल्या. इतकी वर्षं दबून पडलेली सावर अंग सैल सोडून वर आली. पोरं मूठ मूठ उचलून फांद्यांवर ठेवू लागली आणि थोडं थोडं म्हणता अर्धी उशी रिकामी झाली. साधा कापूस ठेवला तिथे बसतो. सावर कसली बसते? ती जन्माची उनाड.

तेवढ्यात दार उघडलं. बर्नाडेट भाजीची पिशवी घेऊन उभी. खोलीत अंधारत आलं होतं, तरी तिला माझं फाडलेलं पोट दिसलं.

"एमिलिया! माझ्या मायची उशी!"

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पोरी, ते झाड राहिलं नाही गं आता! कुठून आणू पुन्हा? दिवा लाव, दिवा लाव आधी!"

एमिलिया धावली. घाईत तिनं दिव्याचं म्हणून बटण दाबलं ते पंख्याचं. आणि पंखा उन्हाळ्यापासून पाचवरच ठेवलेला होता.

मित्रांनो, डोंबिवलीत बर्फ पडला!

झाडावरची सगळी सावर एकदम उठली, छताशी गेली, गोल गोल फिरली आणि हळूहळू खाली येऊ लागली. गणपतीच्या माळेचे दिवे लाल, हिरवे, पिवळे लुकलुकत होते, आणि त्या उजेडात ती तरंगत होती. मेथीच्या जुडीवर पडली, येशूच्या तसबिरीवर पडली, आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या सुमतीकाकूंच्या अंबाड्यावर पडली. "अगं बाई, हे काय गं!" एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. इनास टाळ्या पिटत नाचत होता. एमिलिया मात्र रडत रडत उड्या मारत होती. "मम्मी, सॉरी! मी सगळी गोळा करते, एकपण जाऊ देत नाही!"

बर्नाडेटनं धपाटा घालायला हात उगारला. त्या उगारलेल्या तळहातावर वरून एक पुंजका अलगद येऊन बसला. तिनं मूठ मिटली.

"झेल गो," ती म्हणाली. आवाज पार बदललेला. "रडू नको एमी, झेल. खाली पडायच्या आत झेल. माझी माय असंच पळायची गं." आणि ती स्वतःच झेलायला लागली, हसत, रडत, चपला पायात तशाच.

थोडी सावर खिडकीतून उडून गेली ती गेलीच. बाकीची सगळ्यांनी मिळून वेचली आणि पुन्हा झाडावर ठेवली. "राहू दे तीन राजांच्या सणापर्यंत, सहा जानेवारीपर्यंत," बर्नाडेट म्हणाली. ते बारा दिवस ती माझ्या अर्ध्या पोटावर निजली आणि तिला गाढ झोप लागली. सणानंतर सावर पुन्हा माझ्यात आली, तेव्हा तिच्याबरोबर सुरूच्या चार काड्या आणि एक चांदीचा गोळाही आला. तेव्हापासून बर्नाडेटच्या स्वप्नातल्या कोलशेतच्या अंगणात सुरूचा वास यायचा. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण उशीपासून काय लपतं?

मग दरवर्षी मी नाताळाला उसवली जायचे आणि तीन राजांनंतर शिवली जायचे. दरवर्षी थोडी बारीक व्हायचे. एमिलिया मला दाबून बघायची आणि म्हणायची, "माझ्यामुळे गं मम्मी. मीच कात्री लावली." तिच्या मनातून ते काही जाईना.

नव्वदनंतर घरात घडीचं प्लास्टिकचं झाड आलं. डॉक्टरांनी बर्नाडेटच्या मानेसाठी फोमची उशी सांगितली. मी माळ्यावर गेले. तिथे पाच वर्षं धूळ खात पडले, एका पालीनं माझ्या कुशीत अंडीसुद्धा घातली. खाली नाताळ व्हायचा, गाणी ऐकू यायची. माझी आठवण कोणाला व्हायची नाही. वाईट वाटायचं, का वाटू नये?

सत्त्याण्णव साली अचानक दोन हात आले आणि मला खाली घेऊन गेले. एमिलियाचं लग्न होऊन ती कळव्याला राहत होती. तिची मुलगी आठ महिन्यांची, झोपेची भारी वैरी. त्या घरातला नाताळ बघायला बर्नाडेट मला पिशवीत घालून घेऊन गेली.

"मम्मी, ही कशाला आणलीस?" एमिलियाचा चेहरा पडला. "मूठभर तर उरलीय. तुझ्याकडेच ठेव. मी आधीच निम्मी घालवली."

"घालवलीस?" बर्नाडेटनं तिच्याकडे बघितलं. "वेडी आहेस का गं? माय गेल्यावर मी हिच्यात तोंड खुपसून नुसती रडायचे. डोळे मिटले की तिचं आजारपणच दिसायचं. तू कात्री लावलीस त्या दिवशी मला ती पहिल्यांदा पळताना दिसली, टोपली घेऊन. तेव्हापासून ती तशीच दिसते."

एमिलियानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी उशी, मला कळतं डोकं किती जड होतं ते.

मग बर्नाडेटनं स्वतःच्या हातानं माझे टाके उसवले. उरलीसुरली सावर तिथल्या छोट्या झाडावर ठेवली आणि नातीला कडेवर घेतलं.

"एमी, खिडकी लाव," ती म्हणाली. "आणि आता पंखा लाव. पाचवर."

मित्रांनो, आवडीच्या वस्तू जरूर जपा. माळ्यावर टाकू नका, पालींच्या हवाली करू नका. पण जपायच्या म्हणजे नुसत्या दाबून ठेवायच्या, असंही करू नका. वर्षातून एकदा तरी त्यांना वारा लागू द्या. थोडं उडून जाईल, जाऊ द्या.

माझं म्हणाल तर आता मी वीतभर उरलेय. एमिलियानं जुनं निळं कापड कापून मला पुन्हा शिवलं, सुरूच्या काड्या तेवढ्या वेचून काढल्या, टोचतील म्हणून. सध्या माझ्यावर झोपेच्या त्या वैरिणीचं इवलंसं डोकं आहे. कितीतरी वेळानं आत्ताच डोळा लागलाय आणि ओठ मधूनच हसतायत. म्हणून तर मघाशी म्हटलं, हळू बोला.