सरळ उभं राहिलेलं हाड

सांगाडा चौथ्यांदा डावीकडे कलंडला तेव्हा वेल्डर म्हणाला, "मावशी, पणजोबा टाकून आलेत वाटतं."

मावशी हसली नाही. संग्रहालयाच्या तळघरात ती तीस वर्षं जीवाश्मांचे साचे घेत आली होती, आणि आता महिनाअखेर निवृत्त व्हायची होती. लाखो वर्षांपूर्वीचा पूर्वज एक पाय उचलून चालताना दाखवायचा, हे तिचं शेवटचं काम. उद्घाटन शुक्रवारी. भिंतीवरच्या पाटीवर पहिल्यांदाच तिचं नाव कोरून आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती पाटी तिने कुणी नसताना दोनदा पुसलीही होती.

पण पाय उचलला की हा पठ्ठ्या आडवा. मांड्या सरळसोट, गुडघे फाकलेले. असा प्राणी चार पावलं टाकील, तीही डुलत डुलत.

तिने कपाट उघडून मांडीचं मूळ हाड काढलं आणि गुडघ्याकडचं टोक टेबलावर टेकवून धरलं. हाड तिरकं राहिलं. तसंच हवं. मांडी खाली येताना आत झुकते, म्हणून पाऊल शरीराखाली पडतं आणि एका पायावर तोल राहतो. शेजारी तिने त्याच्यावरून केलेलं जुनं प्लास्टरचं हाड ठेवलं. ते आपलं खांबासारखं ताठ.

मावशीने त्याच्या टोकावरून बोट फिरवलं. बावीस वर्षांपूर्वी हे प्लास्टरचं हाड तिरकं उभं राहायचं म्हणून फळीवरून सारखं पडायचं, टवके उडायचे. वैतागून तिनेच टोकाचा आतला फुगवटा कानशीने घासला होता. फळीवर नीट उभं राहण्यापुरता. पुढे जुना साचा फाटला आणि नवा साचा याच घासलेल्या हाडावरून घेतला गेला. कुणी घेतला? तिनेच. या सांगाड्याच्या मांड्याही त्याच साच्यातल्या.

हाडांच्या अभ्यासक मॅडम, म्हणजे तिच्या साहेब, सगळं ऐकून खुर्चीत बसल्या. "याच्या नकला अकरा संग्रहालयांत गेल्यात, मावशी. शुक्रवार तोंडावर आलाय. मागून सळई लावू. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"समितीला सांगावं लागेल. मग पाटी राहणार नाही."

"नको राहू दे. चांगल्या चालत्या माणसाला मी लंगडं केलं, मॅडम. त्याच्या शेजारी माझं नाव कशाला मिरवू?" तिने करवत वेल्डरच्या हातात दिलीसुद्धा. "काप सगळं, कमरेपासून."

मॅडमनी बाह्या वर सारल्या आणि कापताना हलू नये म्हणून सांगाडा धरला.

मूळ हाडावरून घेतलेल्या नव्या मांड्या बसवून गुरुवारी दुपारी वेल्डरने हळूच हात सोडले. पूर्वज एका पायावर उभा राहिला. भिंतीवर पाटीच्या जागी चार भोकं होती.

मावशी पत्रं लिहायला बसली. 'मांडीचं हाड परत पाठवा. ते मी चुकवलं आहे. नवं पाठवते.' खाली तिने आपलं पूर्ण नाव घातलं, ठसठशीत अक्षरात, अकरा वेळा.