एकाच खिळ्यावरचे दोन चिमटे

अकरा नळ्या आणि एकवीस सांधे. तेइझो कुरामोचीने बाकावरची सायकलची निळी फ्रेम पुन्हा एकदा मोजली. मधल्या सांगाड्याच्या चार नळ्या, मागच्या चार, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या तीन. डाव्या बाजूला दोन ओरखडे होते, त्यातला लांब नऊ सेंटिमीटरचा. फ्रेम त्यानेच दोन वर्षांपूर्वी बनवली होती. एकविसांपैकी वीस सांधे कधी जोडले ते त्याला आठवत नव्हतं.

“पडलो नाही काका, नुसता आडवा झालो,” शुन्पेई म्हणाला. “सरळ आहे ना, तेवढं बघा. उद्या दुपारी सायकल तपासणीला द्यायची आहे.”

तो तेलाच्या उपड्या डब्यावर बसला होता, उजवा गुडघा बाहेर काढून. त्याचा मोठा भाऊ माकिओ तिथेच, तसाच बसायचा. शर्यतीत पडून माकिओ गेला, त्याला चौदा महिने झाले होते. तरी तेइझोने वर पाहताना आधी चेहरा पाहिला आणि मगच श्वास सोडला.

“फ्रेम सरळ आहे,” तो म्हणाला. “पण चिमटा ठेवून जा.”

“का? वाकलाय?”

“नाही.”

“मग?”

“नवा करून देतो. दहा दिवसांत.”

“दहा दिवस! परवा शर्यत आहे, काका. ही चुकली तर मला खालच्या वर्गात टाकतील. मग तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर गोल गोल फिरत बसू?”

तेइझोची बायको फुमी जवाचा थंड चहा घेऊन आली. “यांचं मनावर घेऊ नकोस रे,” ती म्हणाली. “वर्षभर असंच चाललंय. कारखान्यातला फोनसुद्धा काढून टाकलाय यांनी. गिऱ्हाइकं शेजारच्या न्हाव्याकडे फोन करतात, आणि तो मला असा हाका मारतो, जसा काही माझाच नंबर लागलाय दाढीला.”

शुन्पेई हसला. तेइझो हसला नाही. फोन काढला होता, तरी तो वाजायचा. चिमटा जोडताना सांध्यावरचा टाकणखाराचा लेप वितळून काचेसारखा स्वच्छ झाला, की नेमका तेव्हाच. दोनदा तर तो आग बाजूला ठेवून भिंतीपर्यंत गेला होता. तिथे स्क्रूची चार भोकं होती.

“फुमी, तू जरा आत जा.”

“जाणार नाही. चौदा महिने आतच होते मी. आता बोला काय ते.”

तेइझोने हातमोजे काढून बाकावर ठेवले.

“तुझा आणि माकिओचा चिमटा मी एकाच दिवशी केला,” तो म्हणाला. “तुमच्या पायांची मापं सारखीच होती. साडेएकोणऐंशी सेंटिमीटर. त्यातल्या एका चिमट्याचा उजवा पाय जोडत होतो. सांध्यात चांदी वितळवून कशी देतात, तू पाहिलंयस.”

“एका कडेनं द्यायची, आग दुसऱ्या कडेला धरायची. चांदी आगीमागे धावते. दुसऱ्या कडेला केसाएवढी रेघ दिसली, की सांधा भरला.”

“रेघ दिसायच्या आत फोन वाजला. कुणाला तरी दोन ताटं सोबा नूडल्स हव्या होत्या. म्हटलं, इथे सोबा मिळत नाही. तर म्हणतो, मग काय मिळतं? मी सांगत बसलो त्याला. सायकली मिळतात म्हटलं, चांगल्या मिळतात. परत आलो तेव्हा लेप जळून काळा झाला होता. सांधा सोडवून, घासून, पुन्हा जोडायला हवा होता. तासाभराचं काम.”

“नाही केलंत?”

“दुसऱ्या कडेनंही चांदी दिली. दोन्हीकडे रेघ आली. बाहेरून कुणालाच कळलं नसतं. मग दोन्ही चिमटे त्या खिळ्याला अडकवले आणि जेवायला गेलो. संध्याकाळी रंगासाठी काढले तेव्हा कोणता कोणता, ते मलाही ओळखता येईना.”

फुमीने ट्रे बाकावर ठेवला आणि ती उभीच राहिली.

“दादाच्या अपघाताच्या चौकशीत तर चाकाला चाक लागलं म्हणून लिहिलंय,” शुन्पेई सावकाश म्हणाला.

“हो. मागून येणारा एक जण म्हणाला, माकिओचं पुढचं चाक आधी खाली बसलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, नक्की आठवत नाही. सायकल मोडीत निघून भट्टीत गेली. मी मागितली नाही.”

“दोन्हीकडून देऊनही आत भरला असेल तर?”

“जळलेल्या लेपावरून चांदी सरकत नाही. मध्ये कोरडं राहतंच. कापून पाहिलं की दिसेल.”

शुन्पेई डब्यावरून उठला. त्याने चिमट्याचा उजवा पाय मुठीत धरला, जणू मनगटच धरलं.

“म्हणजे हा कोरडा निघाला, तर दादाचा चांगला होता.”

“हो.”

“आणि हा भरलेला निघाला तर?”

“मग कोरडा माकिओच्या वाट्याला गेला.”

“मग कापताय कशाला?” शुन्पेईचा आवाज चिरकला. “असाच चालवतो परवा. तुटला तर सुटलात तुम्ही. दादा तुमच्या हातनं गेला नाही, एवढं तरी कळेल. मी काय, दोन हाडं मोडून घेईन.”

“शुन्पेई!” फुमी म्हणाली.

“बोलू दे त्याला,” तेइझो म्हणाला. “पण चिमटा देणार नाही. हातापाया पड हवं तर, देणार नाही.”

कुणी कुणाच्या हातापाया पडलं नाही. शेजारी न्हाव्याचा रेडिओ चालू होता. शुन्पेईने स्वतःच पाना उचलला, हँडल काढलं, वरचा नट सोडला आणि चिमटा फ्रेममधून खाली ओढून काढला. बेअरिंगचे छर्रे जमिनीवर सांडले. ते गोळा करायला तो वाकला नाही.

“कापा,” तो म्हणाला.

तेइझोने चिमट्याचा माथा बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळला आणि उजव्या सांध्याच्या मधोमध उभी करवत लावली. निळा रंग उडाला, मग खालचा राखाडी थर, मग पोलाद. करवत एकदाही अडली नाही, आणि फुमीला त्याचीच भीती वाटली. बावीस मिनिटं लागली. कापलेला अर्धा भाग त्याने आधी जाड कागदावर घासला, मग बारीक कागदावर, मग पाण्यात बुडवून आणखी बारीक कागदावर. फडक्याने पुसून तो खिडकीपाशी गेला. भिंग लावून पोलादातली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. परत उलट्या बाजूने पाहिली. मग मोजायला कॅलिपर लावला.

शुन्पेई त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

“मोठ्याने वाचा,” तो म्हणाला.

तेइझोने वाचलं. सांध्याची लांबी सव्वीस मिलिमीटर. चांदी सव्वीस मिलिमीटर.