येळवशीला आलेलं विमान

तारीख मी ठरवली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे चौकशीत ती कुणी ठरवली यावर बरेच कागद काळे झाले आणि त्यांत माझं नाव कुठेच आलं नाही. कार्यक्रम जिल्ह्याहून आला, असं लिहिलं गेलं. जिल्ह्याहून फक्त विमान आलं. दिवस मी निवडला, आणि निवडताना मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

शहात्तर सालातला डिसेंबर. मी रामहरी, माळशिरसकडचा, ऊसपट्ट्यातला माणूस. शेतकी खात्यात लागून तीन वर्षं झालेली. नेमणूक अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागलेल्या गावात. गाव निम्मं मराठी बोलायचं, निम्मं कानडी, आणि भांडताना दोन्ही. त्या साली ज्वारीवर मावा किडीचा चिकटा पडला होता. पानाला बोट लावलं की काकवीत बुडवल्यासारखं चिकटायचं. पाठीवर पंप घेऊन माणसं किती एकर फवारणार? म्हणून विमान मागवलं गेलं.

विमान आपल्याच देशात, बंगळूरला बनलेलं. प्रशिक्षणाला गेलो तेव्हा मी ते हात लावून पाहिलं होतं. पोटात औषधाची मोठी टाकी, पंखांखाली बारीक तोंडांच्या नळ्या, आणि वैमानिकाची बैठक मुद्दाम उंच, म्हणजे पुढचं रान नीट दिसावं. बाभळीच्या शेंड्याइतक्या उंचीवरून ते एका सकाळी शेकडो एकर धुऊन काढायचं. परदेशातून आणलेलं नव्हे, आपलं. माहितीपुस्तिकेतला त्याचा फोटो कापून मी पाकिटात ठेवला होता. नंतर लग्न ठरलेल्या मुलीचा फोटोही मी एवढा जपला नाही.

फवारणीच्या दिवशी रानात माणूस नको, जनावर नको. हा नियमच होता. पाठीवरच्या पंपात औषध पाण्यानं पातळ करतात. विमानाला एवढं पाणी उचलणं परवडत नाही, म्हणून त्यातलं औषध दाट असतं. मग माणसं रानात नसतील असा दिवस कोणता? मी पंचांग उघडलं. आमच्याकडे अमावस्येला औत धरत नाहीत. बैल दावणीला, माणसं घरी. मार्गशीर्षातली अमावस्या वीस तारखेच्या सुमारास येत होती. साहेबांना कळवलं, साहेब खूश झाले. गावातल्या कुणाला विचारावं, असं मला सुचलंही नाही.

दुसरी अडचण अफवेची होती. आणीबाणीचे दिवस. सरकारी जीप दिसली की बाप्ये ज्वारीत पळायचे, नसबंदीला धरून नेतात म्हणून. आता कुणीतरी उठवलं की विमानातून नसबंदीचंच औषध मारणार आहेत; ज्या रानावर पडेल त्या घरचा पाळणा हलायचा नाही. हसण्यासारखं वाटतं, पण बायका रडत होत्या.

साहेबांनी मला चावडीवर सभा घ्यायला लावली. मी ज्याच्या घरी भाड्यानं राहायचो तो ईरप्पा माझ्या शेजारी उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, उंच, बोलायला कमी, पण गावात त्याच्या शब्दाला किंमत. मी म्हणालो, "हे फक्त किडीचं औषध आहे. माणसाला काहीही होत नाही. अंगावर पडलं तरी होत नाही, पोटात गेलं तरी होत नाही."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण समोर टाळ्या वाजण्याची वेळ आली होती आणि मला थांबवेना. ईरप्पानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग लोकांना म्हणाला, "सायेब शिकल्यालं माणूस हाय. आपल्या घरात ऱ्हातंय. खोटं कशाला बोलंल?" सभा मिटली.

फवारणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीवर झेंड्यांच्या काठ्या तासत बसलो होतो. आत ईरप्पाची बायको काशम्मा आणि तिची सून कसल्याकसल्या भाज्या निवडत होत्या. एवढा ढीग की लग्नघर वाटावं. बाजरीचं पीठ, आंबिलीचं मडकं, तुरीच्या शेंगा. काशम्मा बाहेर आली.

"सायेब, उंद्या रानात जेवाया यायचं. दुसऱ्या कुणाला हो म्हनू नगा."

"उद्या? उद्या तर अमावस्या."

"मग? येळवस हाय की!"

मला येळवस हा शब्दही ठाऊक नव्हता. तिला आधी खोटं वाटलं, मग तिला माझी दया आली. तिनं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. त्या दिवशी घराला कुलूप लावून सगळं गाव रानात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, रानाला आंबील शिंपडायची आणि तिथंच पंगत बसवायची. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. वर्षात एकच दिवस असा, की गावात कुत्रं उरत नाही.

तीनशे पासष्ट दिवसांतून मी नेमका तोच शोधून काढला होता.

"पण दवंडी दिली होती ना? रानात जाऊ नका म्हणून?"

"दिली की. लोक म्हनलं, ती औताची गोष्ट. येळवशीला कोन औत धरतंय?"

मी सायकल हाणत अक्कलकोट गाठलं. साहेब कचेरीत होते. मी सगळं सांगितलं, फक्त दिवस कसा निवडला ते तेवढं गाळलं. साहेब काही राक्षस नव्हते. वाईट त्यांनाही वाटलं असेल. पण विमान तीनच दिवस मिळालं होतं आणि परवा ते दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं.

"सकाळी सातला विमान येईल," ते म्हणाले, "आठला संपेल. तुमची माणसं जेवायला जातात कधी? दहाला, अकराला ना? मग काय बिघडलं?"

फवारलेल्या रानात बसून ती जेवणार, तिथल्याच शेंगा तोडून खाणार, हे मला कळत होतं. बोललो नाही. त्यांच्या टेबलावर बडतर्फ केलेल्या सरकारी नोकरांची यादी पडलेली होती, आणि ती तिथे मुद्दाम ठेवली नसेलही, पण मी ती वाचली.

सकाळी सहापासून मी आणि गावातले दोघे झेंडे घेऊन बांधावर उभे होतो. शेताच्या दोन टोकांना दोन झेंडे. वैमानिक त्या दोहोंच्या रेषेत उडतो आणि झेंडा वर दिसला तरच औषध सोडतो. सात वाजले, आठ वाजले. धुकं उठेना. नऊच्या सुमारास बैलगाड्या यायला लागल्या. नवी लुगडी, डोक्यावर मडकी, पोरांची आरडाओरड. दहा वाजले तरी आकाशात काही नाही. आता ते येत नाही, असं मी धरून चाललो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. झेंडेवाल्यांना म्हटलं, जा, आपापल्या पूजेला जा. मीही ईरप्पाच्या कोपीकडे गेलो.

पूजा झाली होती. ईरप्पा आंबिलीचं भांडं घेऊन शेताला फेरी घालून आला होता. पळसाच्या पत्रावळ्या मांडल्या, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं उघडलं. ईरप्पाची पाच वर्षांची नात लीला माझ्या मांडीला टेकून बसली. तेवढ्यात बांधावर साहेबांची जीप थांबली.

"रामहरी, झेंडेवाले कुठायत? विमान निघालंय!"

मी धावत गेलो. "साहेब, माणसं बसलीत आत. पंगती मांडल्यात."

"दवंडी दिली होती की नाही? चल, उचल झेंडा. त्या टोकाला ड्रायव्हर जाईल."

दक्षिणेकडून आवाज यायला लागला. मला वाटलं होतं की असा प्रसंग आला तर माणूस विचार करतो, एकीकडे हे, दुसरीकडे ते. तसं काही होत नाही. साहेबांनी हात केला आणि मी झेंडा वर धरला.

विमान देखणं होतं, हे मला आजही नाकारता येत नाही. सरळ रेषेत, पुरुषभर ज्वारीवरून ते आलं आणि मागे पांढरा पडदा सोडत गेलं. उभ्या ज्वारीत बसलेली माणसं वैमानिकाला दिसणं शक्यच नव्हतं. तो झेंडे बघत होता. चार फेऱ्या झाल्या. चारही वेळा मी पावलं मोजून पुढे सरकलो आणि झेंडा वर केला. पाचव्या फेरीला पोरांच्या खोकण्याचा आवाज बांधापर्यंत आला, तेव्हा माझा हात खाली आला. विमान वर चढलं आणि निघून गेलं.

मी आत पळालो. हवेला उग्र दर्प येत होता. लुगड्यांवर, पत्रावळ्यांवर, उघड्या पातेल्यावर बारीक थेंब. आसपासच्या रानांतूनही माणसं ईरप्पाच्या कोपीभोवती जमली होती. एक बाई ओरडली, "नसबंदीचं मारलं गं! पोरीबाळींवर मारलं!" आणि मग एकच कल्ला उठला. दोघातिघांनी काठ्या उचलल्या. साहेब माझ्या मागोमाग आले होते. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सांग त्यांना, चावडीवर सांगितलंस तसं. नाहीतर इथंच मारतील आपल्याला."

मला तोंड उघडेना.

तेव्हा ईरप्पा उठला. "गप बसा," तो म्हणाला. "सायेबानी सांगितलंय न्हवं? मानसाला काय व्हत न्हाय. पोटात गेलं तरी व्हत न्हाय." त्यानं वाकून बाजरीच्या पिठाचा वाफवलेला उंडा मोडला, पातेल्यातली भज्जी त्यावर घेतली आणि घास हातात धरून उभा राहिला. माझ्याकडे बघत होता. मग त्यानं तो खाल्ला.

काठ्या खाली आल्या. कल्ला निवला. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. ईरप्पानं दुसरा घास घेतला, तोही सावकाश, आणि तोही खाल्ला. मी उभाच. लोक एकमेकांकडे बघत पुन्हा पत्रावळीवर बसायला लागले. लीलाच्या आईनं तिला पुढ्यात घेतलं आणि भज्जीचा घास तिच्या तोंडाशी नेला.

मग मात्र मी पातेल्याला लाथ मारली. आंबिलीचं मडकं पूजेच्या दगडांवर फोडलं. "खाऊ नका! विष आहे! मी खोटं बोललो होतो!" असं मी ओरडत होतो, असं नंतर लोकांनी सांगितलं. मला फक्त काशम्माचा चेहरा आठवतो. देवाचं अन्न मी लाथाडलं होतं, आणि तिला अजून कारण कळलेलं नव्हतं.

मला मार बसला तो मी मोजला नाही. पण अन्न कुणी खाल्लं नाही. पोरांना विहिरीवर नेऊन धुतलं. दोनेक तासांत ईरप्पाच्या तोंडातून लाळ गळायला लागली, घाम फुटला, पाय लटपटले. साहेबांच्याच जीपमधून त्याला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पहिल्यांदाच त्याच्या पायांना हात लावावा असं मला वाटत होतं, पण पाय साहेबांच्या बाजूला होते.

मला नोटीस आली. सरकारी कार्यक्रमाविषयी लोकांत घबराट पसरवल्याबद्दल. आयुष्यात एकदाच खरं बोललो, तर त्याची ही नोंद.

चौथ्या दिवशी ईरप्पा उशीला टेकून बसला होता. बोटं थरथरत होती, ती पुढेही तशीच राहिली. चहाची बशी त्याला दोन्ही हातांनी धरावी लागायची. काशम्मा पायथ्याशी बसली होती. माझ्याशी ती बोलली नाही. मी उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर मला रडू आलं असतं.

"अण्णा, चावडीवर मी खोटं बोललो होतो."

"ठाऊक हाय की."

"आता कळलं असेल. पण तेव्हा..."

"तवाबी ठाऊक हुतं. औषदाचं डबं माझ्याच गोठ्यात ठिवल्यालं न्हवं? त्येच्यावर कवटी काडल्याली हाय. ती वाचाया काय शाळंत जावं लागतंय?"

"मग खाल्लंत कशाला?"

राग असता तर बरं झालं असतं, राग नव्हता. मुलाला हिशेब चुकला तर बाप जसा पुन्हा समजावून सांगतो, तसं तो म्हणाला, "लोक काट्या घिऊन हुबं. तुमी गप. म्हनलं, मी घास उचलला की ह्यो मानूस वरडंल. म्हनून तुमच्याकडंच बगत हुतो."

"अण्णा..."

"पयल्या घासाला न्हाय वरडला. म्हनलं, मोठ्या सायेबाला भ्याला असंल. म्हनून दुसरा घेतला."