आईच्या जागेवर एक गाणं

"एकाच माईकवर गातो आम्ही. कोण कधी पुढे येणार, कोण कधी मागे सरणार, सगळं अंगात भिनलंय. अख्खा जन्म गेला, पण एकमेकांना धक्का म्हणून लागला नाही," असं आर्विल दाजी आपल्या मुलीला, ज्युनेलला सांगत होते. सांगता सांगता ते पुढे सरकले आणि आमच्या व्हायोलिनवाल्या हॉबर्टचा गज सरळ त्यांच्या नाकात गेला.

"हा धक्का नव्हता का, पप्पा?" ज्युनेलनं विचारलं.

दाजी शिंकतच राहिले.

ज्युनेल माझी भाची. नॅशव्हिलला गाते. तिकडची हल्लीची गाणी मी ऐकलीत. प्रत्येक गाण्यात एक पिकअप ट्रक, ट्रकात बिअर आणि बॉनेटवर बसलेली पोरगी. गाणं चाललंय की गाडीची जाहिरात, कळतच नाही. आमच्या केंटकीच्या डोंगरातली जुनी गाणी तशी नाहीत. त्यात पुरात घरं वाहून जातात, बायको पळून जाते, पोरं खाणीत गाडली जातात. ऐकून कसं बरं वाटतं.

माझी बहीण आयव्हली, म्हणजे ज्युनेलची आई, दाजींना वरच्या सुरात साथ द्यायची. ती गेली तेव्हापासून माईकच्या डाव्या अंगाची तिची जागा दाजींनी कुणाला दिली नाही. गर्दी झाली तरी आम्ही तेवढं सोडून उभे राहायचो. या वर्षी चर्चच्या जेवणाला ज्युनेल येणार म्हटल्यावर दाजींनी एकच मागितलं, "आईच्या जागेवर उभी राहा आणि एक गाणं म्हण. एकच."

ती आली, पण चेसला घेऊन आली. चेस हा तिचा साउंडवाला. दाढी कोरलेली, जीन्स नवीकोरी आणि फाटकी. ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली हेच आमचं स्टेज. त्यावर चढून त्यानं आमच्या एकुलत्या एक माईकला एक डबा जोडला.

"हे काय रे?" मी विचारलं.

"सूर सरळ करतं, काका. कुणी जरा खाली-वर झालं की उचलून जागेवर बसवतं."

"आम्ही मुद्दामच खाली-वर होतो," हॉबर्ट म्हणाला.

ज्युनेलनं मला बाजूला ओढलं. "मामा, राहू दे ना तो डबा. किती वर्षं झाली, त्याच्याशिवाय गायलेच नाही मी. माझा खरा आवाज कसाय, मलाच माहीत नाही. पप्पांसमोर बेसूर झाले तर?"

मी डबा राहू दिला.

जेवणाआधी पाळक क्लेटन प्रार्थनेला माईकवर आले. त्यांचा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक. "हे प्रभो," ते म्हणाले, आणि ते चक्क गोड सुरात बाहेर आलं. पाळक दचकले. पुन्हा म्हणाले, तर आणखी गोड. बीन्सच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या ओपल काकूंनी "चमत्कार!" म्हणत हात वर केले. पाळकांनाही तसंच वाटलं असावं, कारण प्रार्थना काही संपेना. मक्याचा पाव गार झाला. मध्येच कुणाचं तरी कुत्रं ट्रॉलीपाशी येऊन भुंकलं, तेही सुरात.

मग आमचं गाणं सुरू झालं. दाजींचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी राहतो, आणि तिथूनच तो माणसाच्या पोटात शिरतो. डब्याला ते पटेना. दाजी सूर खाली ओढायचे, डबा त्यांना कॉलर धरून वर बसवायचा. गाणं बायको मेलेल्या माणसाचं, आणि ऐकू काय येत होतं, तर उचकी लागलेली दारावरची बेल. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दाजी थांबले. टोपी काढली. "म्हातारा झालो गं. गळा गेला माझा," ते हळूच म्हणाले. डब्यानं तेही छान चालीत सगळ्यांना ऐकवलं.

ज्युनेल दोन पावलांत पुढे आली, माईकची वायर डब्यातून उपटली आणि सरळ स्पीकरला लावली.

"अगं, वाट लागेल तुझी!" चेस ओरडला.

"लागू दे. पप्पा, गळा तुमचा शाबूत आहे. म्हणा."

ती डाव्या अंगाला उभी राहिली. पहिला सूर कापरा लागला. दुसरा वर जाता जाता चिरला, आणि तिनं तो तसाच चिरलेला धरून ठेवला. दाजी तिच्याकडे बघत राहिले आणि स्वतःची ओळ विसरले. खालून ओपल काकूंनी ती उचलली. मी मागे डबल बास छेडत होतो, पण मला तारा नीट दिसत नव्हत्या.

आमच्याकडे शेवटच्या कडव्याला, ज्याला गाणं येतं त्यानं वर यायचं असतं. गाणं सगळ्यांनाच येत होतं. ओपल काकू चढल्या, पाळक चढले, काकूंचे तिन्ही जावई चढले, चेसही चढला. माईक एकच, आणि तो ट्रॉलीच्या मागच्या टोकाला, बीन्सच्या टेबलाकडे, म्हणून सगळे तिथेच दाटले.

ट्रॉलीला ट्रॅक्टर जोडलेला नव्हता. दुसऱ्या ओळीला तिचं पुढचं टोक आकाशाकडे गेलं आणि आम्ही सगळे, डबल बाससकट, बीन्सच्या टेबलावर उतरलो.